शाळेमागचा बेडूक, कुंपणावरची कळलावी

विज्ञानाच्या वहीत ‘प्राणी व वनस्पती यांतील फरक’ असे दोन रकाने आपण सगळ्यांनीच आखले. एकात शाळेमागच्या ओढ्यातला मोठा पिवळा बेडूक (हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस) आणि दुसऱ्यात बोरीच्या कुंपणावरची कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) घाला, मग तो तक्ता जरा डळमळतो.

मराठवाड्याचा उन्हाळा दोघंही जमिनीखाली काढतात. बेडूक ओलसर बिळात दडून, कळलावी नांगराच्या आकाराच्या कंदात. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्यामुळेच. मृगाचा पाऊस झाला की दोघं वर येतात. नर बेडूक जोडीच्या दिवसांपुरता लिंबासारखा पिवळा होतो, गळ्याशी दोन निळे फुगे. मादी मातकटच राहते. कळलावीचं फूल हिरवट-पिवळं उमलतं आणि दिवसागणिक तांबडं होत जातं. सहा पाकळ्या मागे वळतात आणि कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) बुडातूनच काटकोनात बाजूला वळतो, म्हणून स्वतःचेच पराग त्याच्या टोकावरच्या कुक्षीवर सहसा पडत नाहीत. बेडकाची अंडी मात्र उघड्या पाण्यातच फलित होतात. आणि ‘वनस्पती हालचाल करत नाही’ असं लिहिणाऱ्यानं कळलावीच्या पानाचं टोक पाहावं: त्याचाच ताणा होऊन काटकीला विळखा घालतो.

दोघांचं बिघडतं ते उलट कारणांनी. पावसानं ओढ दिली, डबकं महिनाभरही टिकलं नाही, की बेडूकमासे चिखलातच मरतात. कंद मात्र पाणी साचून सडतो. म्हणून काळ्या रानात लावू नये; मुरमाड, निचऱ्याची जागा बघावी, चार बोटं खोल आडवा ठेवावा, शेजारी काटक्या रोवाव्यात. कंदाच्या दोन्ही टोकांना एकेकच डोळा असतो. काढताना टोक मोडलं की ती बाजू उगवत नाही, आणि टोक हमखास मोडतं. बियांपासून करायचं तर फुलाला तीन-चार वर्षं थांबावं लागतं.

कळलावी घरात आणली की भांडणं लागतात, असं बायाबापड्या सांगतात. भांडणांचं सोडा, पण कंद रताळं समजून खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, जीवही जातो. त्या विषावर ठरलेला उतारा नाही. विष आहे कोल्चिसिन. ते पेशीचं विभाजन मधेच अडवतं आणि गुणसूत्रं मोजण्याजोगी दिसतात. प्रयोगशाळेत याच युक्तीनं मोजली तर आपल्या पिवळ्या बेडकाची गुणसूत्रं भरतात 26.