शिशाचं बदक

लग्नानंतरचा माझा पहिलाच उन्हाळा. वास्कोच्या घरात सासूबाईंनी मिठाच्या पाण्यात तोरां घातली होती. तोरां म्हणजे बाळकैऱ्या. आमच्या कोल्हापूरकडे त्यांच्या नशिबी एवढं मीठ नसतं. त्या पाण्यावर तरंगू नयेत म्हणून वर वजन ठेवावं लागतं. "काहीतरी जड बघ गो," म्हणून आई देवळात निघून गेल्या. दगड शोधता शोधता मला हॉलच्या शोकेसमध्ये एक काळपट, बुटकी, बदकासारखी वस्तू दिसली. तळाला हिरवं बनातीचं कापड चिकटवलेलं, पुढे चोचीसारखी वाकवलेली तार. उचलून पाहिली तर दोन किलोंची तरी असावी. छान झालं म्हणत मी ती घासली, धुतली, मलमलीच्या फडक्यात बांधली आणि बरणीत सोडणार, एवढ्यात मागून सासरे ओरडले, "अगो बाय, शिसें तें!"

त्यांचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. आंबट-खारट पाण्यात शिसं उतरतं आणि ते पोटात गेलं की विष, हे नंतर त्यांनी मला शांतपणे, चहा पिता पिता समजावलं. मी ओशाळले होते. ते मात्र बदक पुसत म्हणाले, "ह्याने बत्तीस वर्षं माझं पोट भरलं, आता आपल्या सगळ्यांचं बिघडवलं असतं."

सासरे, म्हणजे आमचे बाबा, नेव्हल आर्किटेक्ट होते. म्हणजे नक्की काय, हे त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही कधी सांगता आलं नाही. निम्म्या नातेवाइकांना वाटायचं ते नौदलात आहेत, उरलेल्यांना वाटायचं घरांचे नकाशे काढतात. दुसऱ्या पक्षातले लोक प्लॉटचा उतारा घेऊन यायचे. बाबा त्यांना चहा पाजून योग्य माणसाचा पत्ता द्यायचे. मुक्तीनंतरच्या गोव्यातून साठीच्या दशकाच्या शेवटी हा मुलगा मीटरगेजच्या गाडीने लोंढ्याला आणि तिथून कुठे कुठे बदलत खरगपूरला गेला. तिथल्या आयआयटीत हा विषय 1952 पासून शिकवतात. जहाज पोलादाचं असून तरंगतं का, ते कळून घ्यायला गेलो, असं ते सांगत. परत आले ते जुवारी नदीकाठच्या, जहाजं बांधणाऱ्या एका यार्डात, खनिज वाहणाऱ्या बार्जेसचे आराखडे काढायला. तिथेच निवृत्त झाले.

तर ते बदक. कॉम्प्युटर यायच्या आधी जहाजाच्या अंगाच्या रेषा हाताने काढत. कागदावर बिंदू मांडायचे, त्यांवरून एक लांब, लवचीक पट्टी वाकवायची आणि ती जागची हलू नये म्हणून अशी शिशाची वजनं लावायची. पोट कागदावर, चोच पट्टीवर. इंग्रज ड्राफ्ट्समनही त्यांना बदकच म्हणत, काही जण देवमासा म्हणत. पट्टी नीट बसली की एकेक बदक हळूच उचलून पाहायचं. वजन काढल्यावर पट्टी उसळली, तर आपण तिला तिच्या मनाविरुद्ध वाकवलं होतं. उसळली नाही, तर रेष फेअर. गुळगुळीत असणं वेगळं आणि फेअर असणं वेगळं, यावर बाबा अर्धा तास बोलू शकत. शेवटची परीक्षा डोळ्याची. कागदाच्या कडेशी गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि रेषेच्या लांबीवरून नजर पळवायची. कुठे पोक असेल, खळगा असेल, तर लगेच दिसतो.

ही सवय यार्डात ठेवून घरी आले असते तर प्रश्न नव्हता. ते माझ्या पोळीकडेही एक डोळा मिटून बघत. बोलत काही नसत. पण पोळी ताटात येऊन पडली, की मान किंचित कलायची, डावा डोळा मिटायचा. पहिल्या महिन्यात मी दोनदा रडले असेन. मग एकदा पाहिलं, दारातली रांगोळी, नातीचा भांग, दोरीवरचे वाळत घातलेले कपडे, समोरच्यांचं कंपाउंड, सगळ्यांच्या वाट्याला तोच डोळा. माझ्या पोळीवर विशेष राग नव्हता.

आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फळीला पुढून दोन बोटं उंचीची लाकडी पट्टी आहे. जहाजावरच्या स्वयंपाकघरात असते तशी, म्हणजे जहाज कललं तरी बरण्या घरंगळत नाहीत. घर काही कलणार नव्हतं. पण मांजराने डबा ढकलला तरी तो पडत नाही, हा फायदा मी अजून घेते. तोटा एवढाच की फळी पुसताना पट्टीमागे पीठ साठतं. जहाजावर ते कोण काढतं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी विषय बदलला.

घर आणि यार्ड यांची वेळापत्रकं त्यांनी चंद्रावर बसवली होती. बार्ज पाण्यात उतरवायची तर भरतीचं पाणी जास्तीत जास्त हवं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण. त्या दिवसांत बाबा घरात नसत. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं चढत नाही, तेव्हा ते आमचे. आमच्या लग्नाचा मुहूर्त भटजींनी काढला खरा, पण त्याआधी बाबांनी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडून दोन तारखा खोडल्या होत्या. माझ्या नवऱ्याचा जन्म नेमका पौर्णिमेचा. त्यामुळे त्याचे कितीतरी वाढदिवस स्लिपवेवर, म्हणजे बार्ज पाण्यात सोडायच्या उतारावर झाले. आई डब्यात शिरा घेऊन जायच्या. नारळ फुटायचा, पाचरी निघायच्या, लाल रंगाची भली थोरली बार्ज आधी नुसती कुरकुरायची आणि मग एकदम सरसर पाण्यात. त्याला पाचव्या वर्षापर्यंत वाटत होतं की हे सगळं आपल्या वाढदिवसासाठीच चालतं. बाबांनी तो समज दूर केला नाही.

मुलांना झोपवतानाच्या गोष्टीही त्यांच्या वेगळ्याच. चिऊ-काऊ माझ्याकडे, त्यांच्याकडे 'वासा'. स्वीडनच्या राजाने बांधून घेतलेलं युद्धनौकांमधलं रत्न, तोफांचे दोन मजले, वर सोनेरी नक्षी. निघण्याआधी तीस माणसांना डेकवर या कडेकडून त्या कडेला पळवून पाहिलं, तर तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की पळणं थांबवलं. तरी सोडलंच. 10 ऑगस्ट 1628. जेमतेम तेराशे मीटर गेलं, वाऱ्याची झुळूक आली, कललं, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बुडालं. 'पळवून पाहिलं' इथे आल्यावर माझी दोन्ही मुलं पलंगावरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत सुटत. झोप कुठली यायला! मग बाबा लाइट घालवून हळू आवाजात म्हणत राहायचे, एक-चार-दोन-चार-दोन-चार-एक. वेड्यावाकड्या पोटाचं आकारमान काढायचे सिम्पसनचे गुणक आहेत ते. धाकटी त्यावर ठार झोपायची. शाळेत पुढे हा नियम निघाला तेव्हा बाईंनी समजवायच्या आधी हिला जांभई आली.

मुलांची उंचीही यार्डाच्याच रीतीने. माजघराच्या चौकटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडे आहेत, जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर असतात तसे. आकडा दहा सेंटिमीटर उंच, मग दहा सेंटिमीटर मोकळी जागा, मग पुढचा आकडा. 2, 4, 6, 8. पाणी 8 च्या तळाला लागलं की ऐंशी सेंटिमीटर, आकडा बुडाला की नव्वद. नातवंडं चौकटीला टाळू लावून उभी राहायची आणि बाबा पाटी वाचल्यासारखं म्हणायचे, "एक मीटर वीस. लोडिंग बरं चाललंय." आई आतून, "मग वरणभात आणखी घ्या म्हणावं."

मूळ घर कुंभारजुव्याचं. बाबांचं जहाजांचं वेड तिथलंच. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादपाशी, वाळूचा दांडा आणि लाटा यांमुळे बार्जेसना बाहेर पडता येत नसे. मग त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळून जुवारीत आणि तिथून मुरगावला जात. मगरींच्या त्या कालव्याकाठी बसून हा पोरगा बार्जेस मोजत असे. पुढे आपल्याच बार्जेस तिथून जाताना ते आम्हाला दाखवायचे. म्हणायचे, पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा बार्ज जास्त बसते. समुद्रात तीन मीटर बुडालेली चौकोनी बार्ज गोड्या पाण्यात सात-साडेसात सेंटिमीटर आणखी खाली. वजन तेवढंच, पाणी हलकं. माहेरून परत आल्यावर मी गाडीतून उतरले की ते माझ्याकडे बघून हसत. मी समजायची ते समजायची.

चवथीला आम्ही सगळे कुंभारजुव्याला. सातव्या दिवशी तिथे सांगोड असतो. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या, त्यावर गणपती, सोंगं, देखावे. अशा सजवलेल्या किती सांगडी कालव्यात फिरत राहतात, दोन्ही काठांवर माणसांची जत्रा. बाबा देखावे बघतच नसत. त्यांचं लक्ष होड्या किती लांब बांधल्यात याकडे. अंतर दुप्पट केलं तर कलायला होणारा विरोध जवळजवळ चौपट, हे ते दर वर्षी शेजारी उभ्या असलेल्या कुणा ना कुणाला ऐकवत. आणि मराठीतलं 'सांगड घालणं' इथूनच, पाण्यावरूनच आलंय, हेही. एका वर्षी पुढे म्हणाले, "मी बघ, आयुष्यभर यार्डाची आणि घराची सांगड घातली." आईंनी प्रसादाच्या पुडीतून मान वर न काढता म्हटलं, "घातली हो. वल्हवत कोण होतं, ते पण सांगा."

पण त्यांचं खरं काम चवथीच्या आदल्या दिवशीचं. माटोळी. गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट आणि तिला बांधायची रानातली, परसातली फळं. नारळाची पेंड म्हणजे नारळांचा झुबका, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, चिबूड, तोरिंगां, आंबाडे, निरफणस, आणि माट्टी, कांगलां, कवंडळं, घागऱ्या ही माझ्या माहेरी कुणी ऐकलीही नसतील अशी मंडळी. इतर घरांत ती दिसायला छान बांधतात. आमच्यात ती लोड व्हायची. चौकट रिकामी टांगायची, मधोमध ओळंबा सोडायचा, त्याचं टोक पाण्याच्या तांब्यात बुडवायचं म्हणजे तो झुलत राहत नाही. नव्या जहाजाची स्थिरता तपासतात तीही अशीच, ओळंब्याने, आणि तेव्हा डेकवर कुणी हलायचं नसतं. आमच्याकडे तेव्हा खोलीत कुणी पंखा लावायचा नसे. मग एकेक फळ. "दोन किलोंचा चिबूड आत बांध, वीतभरावर. पलीकडे एक किलोचं तोरिंग दोन वितींवर. झालं." नातवंडं डावीकडला 'पोर्ट' म्हणायला इथेच शिकली. शेवटी बाबा उंबऱ्यात उभे राहून डावा डोळा मिटत. मग आरत्यांची तयारी सुरू.

2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि त्यांच्या बार्जेस नदीत ओळीने रिकाम्या उभ्या राहिल्या. फेरीबोटीतून दिवाडी बेटावर जाताना त्या दिसत. रिकामी बार्ज पाण्याबाहेर उंच येते, एरवी बुडालेला गंजका भाग उघडा पडतो, नाळेवरचे सगळे आकडे वाचता येतात. बाबा तिकडे पाहत नसत. आम्हाला घेऊन फेरीच्या मधोमध उभे राहत, नेहमीसारखे, कठड्याशी नाही. दिवाडीला त्याआधीच 'म्हादई' बांधली होती, त्या शिडाच्या बोटीवरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे जगप्रदक्षिणा करून आले. ते कात्रण मात्र बाबांच्या पाकिटात घडी मोडेपर्यंत होतं.

गेले ते जुलैमध्ये, अष्टमीला. उधाण नव्हतं, कुणाचं काम अडलं नाही. यार्डातले निवृत्त फिटर-वेल्डर आले होते, बराच वेळ अंगणात उभे राहिले.

त्या वर्षी चवथ साधीच केली, माटोळी बांधली नाही. गेल्या वर्षी थोरल्याने बांधली. बारावीतला मुलगा, यूट्यूबवर बघून. ओळंबा सोडायचा राहिला. टांगली आणि ती डावीकडे चांगली चार बोटं उतरली. नवरा उंबऱ्यात जाऊन एक डोळा मिटून म्हणाला, पेंड आत घे. दीर दुसरा डोळा मिटून म्हणाले, घड बाहेर घे. धाकटीने दोन्ही मिटले. पेंड आत घेतली तर केळी कलली, केळी सरकवली तर निरफणस सुटून खाली पडला. भटजी यायची वेळ झाली.

आई उठल्या. पिशवीतून शोकेसमधलं बदक काढलं. ते त्यांनी वास्कोहून का आणलं होतं, मी विचारलं नाही. स्टुलावर चढल्या, उजव्या कोपऱ्यात कांगलांच्या झुबक्यामागे त्याची चोच चौकटीला अडकवली आणि उतरल्या. माटोळी सरळ.

भटजी पूजा आटोपून वर पाहत फळं मोजत होते. एका जागी थांबले. "हे कुठलं हो, काकी? ओळखू येत नाही."

"घरचंच आहे," आई म्हणाल्या, आणि नैवेद्याचं ताट पुढे सरकवलं.