थर्मोस्टॅट अर्ध्या तासाचा, बोल्ट दिवसभराचा

गाडी तापते म्हटलं की काही गॅरेजांत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची (कूलंटची) रेडिएटरकडची वाट उघड-बंद करणारी झडप, काढूनच टाकतात. हा उपाय नव्हे. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, ॲव्हरेज घसरतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट, बंद करते. तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं, आणि गाडी आणखी तापते. बदलायचा, काढून टाकायचा नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं. कूलंट तसराळ्यात काढून घ्या आणि लगेच झाका. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

आता बोल्ट. हाउसिंगला, म्हणजे थर्मोस्टॅटवरच्या झाकणाला, बहुधा दोन-तीन एम६ (६ मिमी जाडीचे) बोल्ट असतात, दहा नंबरची गोटी (सॉकेट) लागते. बोल्ट पोलादी, हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आणि मध्ये झिरपलेलं कूलंट. ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगून बसते. एवढासा बोल्ट कसायचाच मुळी साधारण १० न्यूटन-मीटरला. त्याला पाइप लावून जोर दिला तर तो तुटणारच.

गोटी सहा कोनी घ्या, बारा कोनी डोकं गोल करते. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (आट्यांत झिरपून जाम सोडवणारं तेल) मारा. सकाळी डोक्यावर हातोडीचे बेताचे ठोके द्या, मग आधी किंचित कसा आणि नंतर उलटा फिरवा. 'कट्' आवाज आला तर सुटला. पाना वळतोय पण हाताला बोल्ट रबरासारखा लागतोय, तर तो पिळतोय. तिथेच थांबा. ऑइल पुसून हाउसिंगला हॉट एअर गनने शेक द्या. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, पकड ढिली होते. ज्योत नको, शेजारी रबरी होज असतात.

तुटलाच, तर हाउसिंग उचलून वर राहिलेला तुकडा व्हाइस ग्रिपने (घट्ट अडकून राहणाऱ्या पकडीने) धरा. तुकडा वर उरलाच नसेल तर मधोमध पंच, ५ मिमी ड्रिल आणि आटे पाडायचा एम६चा टॅप. ईझी-आउटच्या (तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायच्या हत्याराच्या) नादी लागू नका. तो आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही, मग लेथवाल्याकडेच जावं लागतं.

जुना थर्मोस्टॅट खरंच गेला होता का, ते टाकाऊ भांड्यात बघा. त्याच्या फटीत दोरा अडकवून पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका. अंगावर ८२ लिहिलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास तोंड उघडतं आणि थर्मोस्टॅट दोऱ्यातून सुटून खाली पडतो. उकळी फुटली तरी लटकतोय? बाद.

नवा बसवताना स्प्रिंग इंजिनाकडे, छोटी हलती पिन वर. हवा तिथूनच निघते. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. बोल्ट नवेच घ्या, आट्यांना थोडं अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि मग कसताना हात जरा हलका ठेवा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. हीटर फुल गरमवर ठेवून रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी, गाडी थंड असताना, पातळी पुन्हा बघा. बहुतेक वेळा थोडं भरावं लागतं.