दोन ओळी तशाच ठेवा

११ मार्च २०२३, शनिवार. दुपारी बाराच्या सुमारास इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा मेरापी ज्वालामुखी सुटला तेव्हा मी जवळच्या मगेलांगला बसून मागच्या तोड्याची वजनं एक्सेलमध्ये भरत होतो. थोड्याच वेळात खिडकीबाहेर पिठाची गिरणी फुटल्यासारखं झालं. २०२० च्या नोव्हेंबरपासून तिसऱ्या पातळीचा इशारा होताच, पण रोजच्या इशाऱ्याला कोण विचारतो?

आमचा मिरचीचा चाचणी प्लॉट सावांगानला, डोंगराच्या पायथ्याकडे. मोटारसायकलनं पोचलो तर सगळं शिवार सिमेंटच्या रंगाचं. ज्यांच्या शेतात प्लॉट आहे ते पाक (मी त्यांना तसंच म्हणतो, म्हणजे आपलं काका) आधीच कामाला लागले होते. मी ओरडलो, "पाणी नका मारू!" ही काही चुलीची राख नव्हे. दगडाचा आणि काचेचा चुरा आहे हा, विरघळत नाही. अर्धवट पाणी लागलं की पानावर गिलावा बसतो.

ते हसले. हातात बांबूची काठी होती, पाण्याचा अजून पत्ता नव्हता. प्रत्येक झाडाला खालून हलकी टिचकी, सुकी राख झटकून खाली, फुलाला धक्का नाही. मग पाठीवरचा पंप. नोझलची चकती काढून ठेवलेली, म्हणजे तुंबत नाही आणि पाणी धारेनं वाहून नेतं. पिकशास्त्रात एमएस्सी करून मला हे कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी ते फडक्यानं मल्चिंग पेपर, म्हणजे बेडवर अंथरलेलं प्लॅस्टिक, पुसायला बसले. चंदेरी बाजू उजेड परतवते म्हणून फुलकिडे बिचकतात. तिच्यावर राख बसली की ती असून नसल्यासारखी. मुख्यालयातले साहेब इथे येऊन डोंगरासोबत फोटो काढतात आणि "ज्वालामुखीची माती, काहीही पेरा!" म्हणून जातात. आमची खानदेशातली काळी मातीही ज्वालामुखीचीच की. पण तिला मुरायला साडेसहा कोटी वर्षं मिळाली.

आणि मग मीच ते बोललो. "पाक, शेवटच्या दोन ओळी तशाच ठेवा. तुलनेला लागतील."

रमजान बारा दिवसांवर होता, मिरचीचा भाव चढायला लागला होता. दोन ओळी म्हणजे ऐंशी झाडं, ऐन फुलोऱ्यात. ते म्हणाले, "इंगिह." जावानीज भाषेत हे 'हो' आहे, पण 'पटलं' नव्हे, एवढं कळायला मला दोन वर्षं लागली होती. त्या दिवशी मात्र मी ते 'हो' सोयीनं ऐकलं.

सोमवारी गेलो. बाकी प्लॉट हिरवागार, कडेच्या दोन ओळी करड्या. रात्रीच्या पावसानं पानांवर पापुद्रा धरला होता, खाली फुलांचा सडा. त्यांची बायको शेजारच्या बेडवर खुरपत होती. माझ्याशी बोलली नाही. मी पानं मोजली, फोटो काढले. अहवाल उत्तम झाला, मेलवर शाबासकीही आली. नुकसानभरपाईचा रकाना मात्र त्या फॉर्ममध्ये नाहीच. मी खिशातून पैसे दिले. पाकनी घेतले आणि निघताना गाडीला धुतल्या ओळींतल्या मिरचीची पिशवी अडकवली. वजन केलं नाही, पण दिलेल्या पैशांपेक्षा ती जास्तच भरली असती.

पुढच्या लागवडीला बेड आखत होतो. त्यांनी बांबूच्या दोन खुंट्या आणल्या आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, "या वेळी कुठल्या दोन सोडायच्या?"