चिमटा
मतदार यादीच्या कामासाठी आज जालन्यातल्या त्याच गल्लीत गेलो, जिथं २०२० च्या सप्टेंबरात कोरोनाच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेसाठी घरोघर फिरलो होतो. आजींनी लगेच ओळखलं. "सर, आज बी बोटाला चिमटा लावता का?" (म्हणजे ऑक्सिमीटर!)

घर तेच. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, सात माणसं. तेव्हा मी सहा फूट अंतर ठेवा म्हणालो, तर त्यांचा मुलगा म्हणाला, "मंग बाकीच्यायला कुठं ठिवू?" तो मोंढ्यात हमाल. ताप असतानाही दोन दिवस गोळी खाऊन कामावर गेला. खाडा झाला की मजुरी गेली. माझा पगार चालू होता, वर घरात वेगळी खोली, वेगळा संडास. आणि मी त्याला वीस सेकंद हात धुवायला सांगत होतो, आठवड्यानं नळ येणाऱ्या गल्लीत.

मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत रक्तातल्या अँटिबॉडी (कोरोना होऊन गेल्याची खूण) तपासल्या, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत सापडल्या, बाहेर १६ टक्के. तरी आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, "हे लोक मास्कच लावत नाहीत."

निघताना आजी म्हणाल्या, "च्या ठिवला असता, पण नळ उद्याच्याला हाय."