नकली फॅटी ॲसिड

आई ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीवर होती आणि रात्रीबेरात्री तिची शुगर खाली यायची. उशाशी खडीसाखरेची डबी असायची. त्यामुळे 2012 मध्ये पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये जीपीआर-40 चा प्रोजेक्ट आला तेव्हा मी लगेच हात वर केला. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरचा हा रिसेप्टर फॅटी ॲसिड ओळखतो, हे 2003 मध्येच कळलं होतं. त्याला डिवचलं की इन्सुलिन सुटतं, पण रक्तात साखर चढलेली असेल तरच. ग्लिमेपिराइड असलं काही बघत नाही.

आमचे रेणू म्हणजे नकली फॅटी ॲसिडच. तोंडाशी कार्बॉक्सिलिक ॲसिड, मागे तेलकट शेपूट. शेवटची पायरी कायम तीच: मिथाइल एस्टर लिथियम हायड्रॉक्साइडने तोडायचा, फ्लास्क बर्फात ठेवायचा आणि सायट्रिक ॲसिड थेंबथेंब सोडायचं. नशीब जोरावर असलं तर पांढरा साका बसायचा. नाहीतर काचेला डिंकासारखा चिकटलेला गोळा स्पॅटुलाने खरवडत बसायचं. शेपूट आखूड केली तर पदार्थ पाण्यात छान विरघळायचा, पण पेशींमधलं कॅल्शियम, म्हणजे रिसेप्टर जागा झाल्याची खूण, काही हलायचं नाही. लांब केली की उलटं.

एका रेणूने मात्र उंदरांमध्ये ग्लुकोज पाजल्यावर साखरेचा आलेख बऱ्यापैकी चपटा केला. त्या दिवशी वडापाव माझ्याकडून.

27 डिसेंबर 2013 ला बातमी आली. टाकेडा या जपानी औषध कंपनीने फॅसिग्लिफॅमच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या थांबवल्या, कारण यकृत. याच रिसेप्टरवरचं ते सगळ्यांत पुढे गेलेलं औषध, आम्ही तुलनेला तेच वापरायचो. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता आधी लिव्हर, मग शुगर."

पित्ताम्लं यकृताच्या पेशींतून बाहेर टाकणारा एक पंप असतो, बीसेप. फॅसिग्लिफॅम तो अडवतं. आमच्या लाडक्या रेणूनेही अडवला. मग कार्बॉक्सिलिक ॲसिडच काढून टाकू म्हणून त्याच्या जागी टेट्राझोल, म्हणजे त्याच्यासारखंच वागणारं नायट्रोजनचं कडं, लावून पाहिलं. कॅल्शियम पुन्हा ढिम्म. 2014 मध्ये रिसेप्टरची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं: रिसेप्टरमधली दोन आर्जिनिन आणि दोन टायरोसिन ही अमिनो आम्लं त्या ॲसिडलाच धरून बसली होती.

पुढे प्रोजेक्ट बंद झाला. सगळ्या कुप्यांना लेबलं लावून त्या उणे वीसच्या फ्रीजरमध्ये ठेवायला दोन दिवस गेले. डिंकासारखे होते ते तसेच चिकट होते.