वारं सुटलंय, अन् चक्की आवरायची?

परवा व्हिडिओ कॉलवर आप्पांना डेन्मार्कच्या पवनचक्क्या दाखवल्या. बघता बघता म्हणाले, "वारं तर भन्नाट सुटलंय, मग ती कडंची एवढी दबकत का फिरायली? बिघडली का?"

बिघडली नव्हती, आम्हीच तिला आवरून धरलं होतं. भूम-वाशीच्या माळावर चक्क्या उभ्या राहिल्यापासून आमच्याकडं हिशेब सोपा आहे: फिरली की पैसा, थांबली की बिघाड. आता मी पगार घेतो तो मुद्दाम कमी फिरवायचा, हे सांगायचं कसं?

मग कडबाकुट्टी आठवली. लहानपणी ती डिझेल इंजिनवर चालायची. मी हावरटासारखी जाड पेंढी सारली की इंजिनाचा आवाज जड व्हायचा. पहिला क्षण ते वजनदार चाक आपल्या गतीवर ओढून न्यायचं, मग वेग सांभाळणारा गव्हर्नर जास्त डिझेल सोडायचा आणि इंजिन पुन्हा उठायचं. आप्पा ओट्यावर पाठमोरे बसून नुसत्या आवाजावरून ओरडायचे, "बारीक घाल रं!" ग्रिडची, म्हणजे एकत्र जोडलेल्या वीजजाळ्याची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला विजेच्या किती लाटा) म्हणजे तोच आवाज. मागणी वाढली की सगळी जनित्रं जराशी दबतात आणि 50 हर्ट्झचा आकडा खाली येतो.

पवनचक्कीलाही जड चाक आहेच. पण आजकालच्या चक्क्यांत चाक आणि ग्रिड यांच्यामध्ये वीज ग्रिडला जुळवून देणारा कन्व्हर्टर बसलेला असतो, त्यामुळं ग्रिड दबलं तरी चाकाला पत्ता लागत नाही. ते तिला शिकवावं लागतं. एक उपाय म्हणजे पाती वाऱ्याला किंचित तिरकी ठेवायची, थोडी ताकद शिल्लक राहते. फ्रिक्वेन्सी घसरली की पाती सरळ करायची. दुसरा म्हणजे फिरत्या चाकातलीच ऊर्जा काही सेकंद उपसायची. ही मात्र उसनवारी. चाक मंदावतं, मग पुन्हा वेग धरायला वाऱ्याची काही ताकद ते स्वतःच खातं, आणि नेमकी ग्रिडला गरज असताना उत्पादन घटतं. मला पहिला उपाय बरा वाटतो, मालकाला अर्थातच नाही.

2018 च्या सुरुवातीला मी इथं, डेन्मार्कच्या युटलंडमध्ये, नवा होतो. ओव्हनवरचं घड्याळ बघून निघायचो आणि दोनदा बस चुकली. घड्याळ मागं पडत होतं, मार्चपर्यंत जवळजवळ सहा मिनिटं! युटलंड आणि सर्बिया-कोसोवो एकाच युरोपीय ग्रिडवर. त्या दोघांच्या भांडणात विजेचा तुटवडा कुणी भरून काढला नाही, सरासरी 49.996 हर्ट्झवर आली आणि लाटा मोजणारी घड्याळं रेंगाळली. कोपनहेगनच्या मित्राचा ओव्हन मात्र बरोबर, कारण ते शहर बेटावर, आणि ते बेट वेगळ्या नॉर्डिक ग्रिडवर.

"म्हंजी आपली लाईट डीम होती ती ह्यामुळंच का?" आप्पा.

नाही, डीम होणं म्हणजे व्होल्टेज, ते आपल्या डीपीचं, गावच्या ट्रान्सफॉर्मरचं दुखणं. फ्रिक्वेन्सी भूमला जी तीच काश्मीरला. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाईनीनं दक्षिणही त्याच ग्रिडमध्ये आली. 5 एप्रिल 2020 ला नऊ मिनिटं लाईट बंद करून तुम्ही उंबऱ्यावर पणती लावली ना, त्या सुमारास देशाची मागणी 31,000 मेगावॉटपेक्षा जास्तनं घटली. तरी आकडा 49.70 ते 50.26 च्या आतच राहिला, मुख्यतः जलविद्युत केंद्रं झटपट कमी-जास्त केल्यामुळं.

आप्पांनी सगळं ऐकलं. मग बॅटरी शोधायला उठले.

"बरं, ठिवतो. दहाची पाळी हाय, उसाला पाणी सोडायचंय."