लखनौच्या माणसाला केळीच्या रोपांचे ओटीपी

मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची केळीची लागवड करायची तर रोपं उन्हाळ्यातच सांगून ठेवावी लागतात. रावेर, यावल, चोपड्याकडे जी-नाईन या केळीच्या वाणाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या टिश्यूकल्चर रोपांना मागणी एवढी, की चांगल्या नर्सरीचं बुकिंग उघडलं की रोपं हातोहात जातात. अशाच एका नर्सरीची वेबसाइट आमचं जळगावातलं ऑफिस सांभाळतं. शेतकऱ्याने मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी भरायचा, किती रोपं आणि कधी उचलणार ते लिहायचं. बस.

बुकिंगच्या ऐन दिवशी सकाळीच मालकांचा फोन आला. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. "अरे, लखनौवरून एक माणूस पहाटेपासून शिव्या देऊन राहिला. म्हणे, मुझे केला नहीं चाहिए, मैसेज बंद करो. आपण लखनौला कधी रोपं विकली रे?"

पाठोपाठ एसएमएसवाल्या कंपनीची मेल: शिल्लक संपत आली आहे.

लॉग, म्हणजे साइटवर आलेल्या मागण्यांची नोंद, उघडला तर त्या बिचाऱ्याचा नंबर पानंच्या पानं. कुठे नुसते दहा आकडे, कुठे पुढे शून्य, कुठे 91, कुठे अधिक चिन्हासकट, कुठे मध्येच एक जागा सोडलेली. साइट आधी दुसऱ्या कोणी बांधलेली. त्यात 'एका नंबरला तासाला पाच ओटीपी' अशी मर्यादा होतीच, पण ती नंबर जसा टाइप केला तसाच मोजत होती. म्हणजे शून्य लावलं की नवा माणूस, जागा सोडली की आणखी एक नवा माणूस! शिवाय तास घड्याळाचा. 9:59 ला पाच घ्या, 10:00 ला पुन्हा पाच घ्या, नियम कुठेच मोडत नाही.

हे कोण करतं? 'एसएमएस बॉम्बर' म्हणून टूल्स फिरत असतात. कुणावर खुन्नस असेल त्याचा नंबर टाकायचा, की टूल वेगवेगळ्या साइटच्या उघड्या ओटीपी फॉर्मांवर तो नंबर भरत सुटतं. त्रास त्या माणसाला, बिल फॉर्मवाल्याला. आमचा फॉर्म अशाच कुठल्या तरी यादीत गेला असणार. अण्णांशी कुणाचं वैर नव्हतं. लखनौवाल्याशी कुणाचं तरी होतं.

अण्णांचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग करतो. त्याने फोनवरच निकाल दिला: "दादा, सगळ्यात जास्त रिक्वेस्ट येणारे आयपी ब्लॉक करून टाका." ऐकायला बरोबर वाटतं. आयपी म्हणजे नेटवरचा पत्ता. मी त्या पत्त्यांची यादी काढली आणि हात आखडता घेतला. वरचे बरेचसे पत्ते मोबाइल कंपन्यांचे होते. आयपीव्ही-4 या जुन्या पद्धतीचे पत्ते कमी पडतात, म्हणून या कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागून नेटवर सोडतात. सावद्याचा शेतकरी, फैजपूरचा शेतकरी आणि त्या दोघांचे पुतणे, सर्व्हरला सगळे एकच दिसतात. तो पत्ता बंद केला असता तर निम्मा यावल तालुका बुकिंगबाहेर गेला असता. यादीत एक पत्ता चोपडा तालुक्यातल्या सेवा केंद्राचा होता. तिथून दर दोन-तीन मिनिटांना नवा नंबर, पण प्रत्येक नंबरचा ओटीपी भरलेला आणि पुढे बुकिंगही झालेलं.

खरा फरक तिथे दिसला. बॉम्बरच्या रिक्वेस्ट शेकडो पत्त्यांवरून, प्रत्येकावरून दोन-चारच. पण ओटीपी मागायचा आणि भरायचा कधीच नाही. नुसता आकडा बघितला असता तर चोर साव ठरला असता आणि साव चोर.

मग घड्याळ बघत कामाला लागलो. आधी नंबर साफ करून शेवटचे दहा आकडेच मोजायचे. एका नंबरला साठ सेकंदांत एकच, आणि तासाचा हिशोब घड्याळाच्या तासावर नाही, त्या क्षणापासून मागच्या साठ मिनिटांचा. पत्त्यावरची मर्यादा ढिली, आणि मोजायचे ते न भरलेले ओटीपी. सगळ्यात वर पूर्ण साइटला दिवसाचं एक छत, ते जवळ आलं की मला फोन.

सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या रिक्वेस्ट घेणारा एनजिनएक्स नावाचा प्रोग्राम असतो, त्यात मर्यादा लावताना अण्णांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करून राहिला?" म्हटलं, "तुमच्या ठिबकच्या टाकीसारखं. खाली पाणी ठरल्या वेगानेच उतरणार. वरून जास्त आलं तर टाकीत थांबेल, टाकी भरली की वाहून जाईल." ते लगेच म्हणाले, "मग टाकी मोठी ठेव. आपला माणूस घाईत चार वेळा बटण दाबतो."

अण्णांचं खरं होतं. गावाकडे एसएमएस उशिरा येतो, माणूस पुन्हा दाबतो, मग तीन ओटीपी उलटसुलट क्रमाने येतात आणि एकही चालत नाही. म्हणून दहा मिनिटांत कितीदा मागा, तोच ओटीपी पाठवायचा असं केलं. मर्यादा ओलांडली की एनजिनएक्स मुळात 503 हा कोड देतं, म्हणजे सर्व्हरच आजारी असल्यासारखं. ते बदलून 429 केलं. 'फार रिक्वेस्ट झाल्या' हे सांगणारा हा कोड 2012 पासून प्रमाणित आहे, आणि सोबत किती वेळाने परत यायचं तेही सांगता येतं. तेवढ्या वेळाची बटणावर मराठीत उलटी मोजणी लावली. एसएमएसच्या मजकुरात मात्र 'तुम्ही मागितला नसेल तर दुर्लक्ष करा' घालता आलं नाही. तो साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्या दिवशी तेवढा वेळ कुणाकडे होता!

एक भोक राहिलंच. माझा नंबर कुणी मुद्दाम भरत बसला तर माझा तासाचा कोटा तोच संपवणार आणि मला ओटीपी मिळणार नाही. त्याला तांत्रिक उतारा फारसा नाही. अण्णांनी ऑफिसातल्या ताईंना फोनवर बुकिंग घ्यायला बसवलं.

दुपारी तीनच्या सुमाराला चोपड्याच्या केंद्रवाल्याचा फोन. "भाऊ, ओटीपी येत नही ना! आठे रांग लागेल शे." उन्हाने हैराण झालेली माणसं, त्यातल्या काहींचे फोन घरी मुलांकडे राहिलेले. त्यामुळे न भरलेले ओटीपी साचले आणि पत्त्याच्या मर्यादेने त्यालाच धरलं. त्याचा पत्ता सूटयादीत टाकून उपयोग नव्हता, कारण राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो. म्हणून त्याला वेगळं लॉगिन दिलं आणि मर्यादा त्या लॉगिनवर लावली. रांग संध्याकाळपर्यंत हलली.

आता कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळा सरतानाच्या लागवडीच्या बुकिंगला आणखी केंद्रं लॉगिन मागताहेत. अण्णांना सगळ्यांना मोकळं रान द्यायचंय. मी म्हणतो, एकाचा पासवर्ड फुटला तर पुन्हा लखनौ. तासाला किती, यावर आमचं अजून जमलेलं नाही.